पाच वर्षांनंतरचं वय

आमच्या ओसरीला शहाबादी फरशी आहे, काळी, गुळगुळीत. तिच्यावर खडूनं लिहिलं की पाटीपेक्षा चांगलं उमटतं. माझी सून दहावीचं गणित शिकली ती ह्या फरशीवर. तिच्या जोडीला बसून थोडंफार मीही शिकले, म्हणून हे लिहायचं धाडस करते. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली बाई. पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. किराणा घरी आला की आधी पुडा सोडायचा, कागद हातानं सरळ करायचा, वाचून काढायचा, मग साखर डब्यात. तेव्हा माझ्या लिहिण्यात काही वाकडंतिकडं दिसलं तर चालवून घ्या.

आमचं गाव तेर. मुलगा धाराशिवला सरकारी कचेरीत शिपाई होता. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला घरी. एका सकाळी डबा घेऊन निघाला आणि स्टँडवरच छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो तिथनं उठला नाही. त्या दिवसाचं ह्याच्यापुढं मी लिहीत नाही. लिहून बघितलं होतं, जमलं नाही.

मागं आम्ही तिघी राहिलो. मी, सून आणि नात. नात तेव्हा अंगणवाडीत जात होती.

दिवसकार्य झाल्यावर कचेरीतले त्याच्या बरोबरीचे दोघं जण भेटायला आले. चहा घेतला, आणि मग त्यातल्या थोरल्यानं सांगितलं की त्याच्या जागी बायकोला घेतात, पण दहावी पास पाहिजे. आणि काही जन्मभर वाट बघत नाहीत, त्याला मुदत असते. हे ऐकून सून आत गेली, ती ते लोक जाईपर्यंत बाहेर आली नाही.

तिचं असं होतं की लग्नाआधी ती दहावीला बसली होती. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती आमच्या घरी आली. मुलगा तिला ह्यावरनं लई चिडवायचा. ती डेअरीला द्यायचं दूध मापायला बसली की हा दारातनं म्हणायचा, हातचा घ्यायला विसरू नको बरं. ती पण काही कमी नव्हती. म्हणायची, नापास झाले म्हणून तुमच्या पदरात पडले, पास झाले असते तर मास्तरीण होऊन बसले असते. मग दोघं हसायचे. त्या वेळी गणित ही आमच्या घरात हसायची गोष्ट होती.

आता त्याच गणितावर घर अडून बसलं. म्हैस एक, रान कोरडवाहू आणि तेही थोडं. नोकरी मिळाली तर नात शिकणार होती, नाहीतर आम्ही दोघी दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन जाणार होतो. सुनेनं पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला. बाकीच्या विषयांची तिला भीती नव्हती. गणिताचं पुस्तक मात्र ती देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवायची आणि जाता-येता त्याच्याकडं बघायची, बांधून ठेवलेल्या मारक्या बैलाकडं बघतात तसं.

शिकवायला शेजारची पोरगी मिळाली. धाराशिवला कॉलेजला जाते, गणित हाच तिचा विषय, आणि तोंडानं भलतीच फटकळ. संध्याकाळी यायची. पहिल्याच दिवशी वही बाजूला सारून म्हणाली की आकृती मोठी काढल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, आणि थेट फरशीवर हातभर त्रिकोण काढला. मी भाकरी थापत होते ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. म्हणलं, अगं, विद्या आहे ती, माणसांचे पाय पडतील. ती म्हणाली, "काकू, पाय पडंना का, डोक्यात पडली म्हणजे झालं." मला काही ते पटलं नाही. शेवटी तडजोड अशी ठरली की ओसरीच्या कडेच्या दोन फरश्या गणिताच्या. त्यांच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, पुसायचं ते ओल्या फडक्यानं, हातानं. चुकलं म्हणून पायानं फरफटायचं नाही. तेव्हापासनं आमच्याकडं येणारी माणसं वळसा घालून आत यायची. दूध न्यायला येणारी म्हातारी तर त्या फरशीला लांबनं हात जोडायची. तिला वाटायचं आम्ही कसलं तरी यंत्र काढलंय.

भूमितीत मला आधी काहीच कळत नव्हतं. पोरगी सांगायची, आधी पक्ष लिहा, म्हणजे काय दिलंय ते. मग साध्य, म्हणजे काय दाखवायचंय ते. मग सिद्धता. एका त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असल्या तर त्यांच्या समोरचे कोन सारखे, हे दाखवायचं होतं. मी चुलीपासनं म्हणलं, अगं दिसतंय की सारखं, दाखवायचं काय त्याच्यात? तर म्हणाली, दिसतंय हे कारण चालत नाही काकू. प्रत्येक ओळीच्या पुढं कंसात कारण लिहावं लागतं. दिलेलं आहे म्हणून, किंवा बाजू सामाईक आहे म्हणून, किंवा आधीच्या ओळीवरनं. कारण नसलेली ओळ कापतात.

मला ते आवडलं, खरं सांगते. माझ्या आयुष्यात कुणी कधी कुठल्या गोष्टीचं कारण कंसात लिहून दिलं नव्हतं. मी मग रोज भाकरी लवकर उरकून त्यांच्याजवळ बसायला लागले. पुस्तकातली ओळ मी मोठ्यानं वाचायची, सुनेनं ती फरशीवर मांडायची, पोरीनं बघायचं. सुनेचं एक होतं, पायरी सोडायची तिला घाई. तोंडात उत्तर तयार असायचं आणि मधल्या दोन ओळी गायब. पोरगी डोकं धरून म्हणायची, वहिनी, उत्तराला एक मार्क आहे, बाकीचे पायऱ्यांना आहेत. उत्तर चुकलं तरी चालंल, पायरी चुकवू नका.

भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित सुनेला पहिल्यांदा एकटीला सुटलं. शिडी दहा मीटर लांब, तिचं खालचं टोक भिंतीपासनं सहा मीटरवर, तर वरचं टोक भिंतीवर किती उंच टेकलं. दहाचा वर्ग शंभर, सहाचा छत्तीस, वजा केले चौसष्ट, चौसष्टचं मूळ आठ. आठ मीटर. तिनं खडू खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून हसली. मुलगा गेल्यापासनं मी तिचे दात बघितले नव्हते.

मग आलं बीजगणित. तिथं सगळं मानण्यावर. आईचं वय एक्स मानू, मुलाचं वाय मानू. नदीचा वेग एक्स मानू. ज्याचा पत्ता नाही त्याला नाव द्यायचं आणि ते आहेच असं धरून पुढं चालायचं, चालता चालता ते सापडतं. सुनेचा हात तिथं बरा चालायला लागला. पोरगी म्हणाली, भूमितीत तुम्ही काठावर आहात वहिनी, तुम्हाला पार करणार ते बीजगणितच. आणि त्यातही ती शाब्दिक उदाहरणं. वयाचं एखादं येतंच, ते सोडू नका.

एका संध्याकाळचं गणित असं होतं. वडिलांचं आजचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. पाच वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघांची आजची वयं काढा. मी वाचलं, सुनेनं मांडलं. पोरगी आमच्या नातीची वेणी घालत बसली होती, तिचं लक्ष नव्हतं. सुनेनं भराभर सोडवलं. वडिलांचं वय एक्स, मुलीचं वाय. एक्स बरोबर चार वाय. दुसरं समीकरण, एक्स बरोबर तीन गुणिले कंसात वाय अधिक पाच. मुलगी आली पंधरा वर्षांची, वडील साठ. ताळाही करून बघितला तिनं. आज पंधरा आणि साठ, चौपट. पाच वर्षांनी मुलगी वीस, वडील साठ, तिप्पट. जुळलं. उत्तर इतकं सुबक आलं की मला वाटलं, शाब्बास.

पोरीनं वेणी घालता घालता फरशीकडं बघितलं आणि खो-खो हसली. "अवो वहिनी, पोरगी पाच वर्षांनी मोठी झाली आणि बाप हाय तेवढाच? त्याचं वय वाढत न्हाय व्हय?"

बोलून गेली आणि मग तिला कळलं. तिचा हात नातीच्या केसांत तसाच राहिला. सुनेनं फरशीकडं बघितलं. मुलगी वाय अधिक पाच. वडील एक्स. नुसता एक्स. ती उठली, वैरण टाकायची राहिली म्हणाली, आणि परड्यात गेली. वैरण मी तासाभरापूर्वीच टाकली होती.

पोरगी रडवेली होऊन म्हणाली, काकू, माझ्या ध्यानातच आलं नाही. मी म्हणलं, बाळा, तू शिकवायला आली होतीस, तुझी काय चूक. फडकं ओलं करून ते गणित मीच पुसलं. साठ पुसताना माझा हात दोनदा थांबला.

त्यानंतर सून वयाच्या गणितावर येईना. पुस्तकात ते पान आलं की उलटून पुढं. नदीचं करायची, बसच्या वेगाचं करायची, पेरूच्या आणि आंब्याच्या भावाचं करायची. पोरगी मला हळूच म्हणाली, काकू, असं चालायचं नाही, हेच सोडलं तर पेपर काठावर लटकंल. म्हणून एके दुपारी मीच विषय काढला. आम्ही दोघी तुरी पाखडत होतो.

मी म्हणलं, दुसऱ्या कुणाचा तरी बाप धर की. पुस्तकातला आहे तो, आपला कशाला धरतीस?

ती सूप हलवत म्हणाली, "पुस्तकातल्याला तोंड नसतंय, आत्या. वडील म्हणून लिहिलं की मला ह्यांचंच तोंड दिसतंय. आणि त्यांच्यापुढं अधिक पाच लिहायला हात उठत न्हाय. कुठनं आणू म्या ती पाच वर्षं?"

सुपातल्या तुरी मी उगीच पुन्हा पुन्हा पाखडत बसले. त्यात खडे नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी शेण भरायला परड्यात गेले आणि तिथं उभ्या उभ्या मी स्वतःच ते करून बघितलं. मुलाला पाच वर्षं मिळवली. आधी नुसता आकडा केला. मग माझ्या डोळ्यांपुढं तो पाच वर्षांनी मोठा होऊन आला. कानावरचे केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं, माझ्या मालकांचं ह्याच वयात सुटलं होतं तसं. चष्मा लागलेला. हातात पेपर लांब धरून वाचतोय. आई म्हणून मी त्याला जन्मल्यापासनं रोज मोठं होताना बघितलं, आणि तो गेल्यावर एक दिवससुद्धा मी त्याला मोठं होऊ दिलं नव्हतं. शर्ट, चपला, तोंड, सगळं त्या सकाळचंच धरून बसले होते. सून तर काय, तिनं फरशीवर लिहिलं एवढंच. मी मनात तेच करत होते. शेणाची पाटी तिथंच ठेवून मी खाली बसले. म्हशीनं मान वळवून बघितलं माझ्याकडं.

घरात गेले, सुनेला म्हणलं, म्या वाढवलं बघ त्याचं वय. कानावर पिकलाय तो. चष्मा लागलाय.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता ही ओरडतीय. मग म्हणाली, "चष्मा न्हाय लागायचा त्यांना. टक्कल पडलं असतं. मामंजींसारखं, मागनं."

"पुढनं पडलं असतं," मी म्हणलं. "त्याच्या मामावर गेला होता तो."

"मागनं, आत्या. उशीला केस लागायचे, म्या रोज झटकायची."

असं म्हणाली आणि भिंतीला टेकून जी रडली, जी रडली. दिवसकार्यात सुद्धा ती अशी रडली नव्हती, पाहुण्यारावळ्यांत तिला रडायलाच मिळालं नव्हतं. मी तिच्याजवळ बसून राहिले. गप्प राहा म्हणलं नाही. मग पुढं आम्ही दोघींनी मिळून त्याला म्हातारा केला. गुडघे धरले असते म्हणाली. मी म्हणलं, नातीच्या लग्नात वरातीपुढं नाचला असता गुडघे धरून. तिनं म्हणलं, लग्न लवकर करू दिलं नसतं त्यांनी, आधी शिकवली असती. असं करत करत दुपार गेली. संध्याकाळी पोरगी आली तेव्हा सुनेनं स्वतः पुस्तकातलं ते पान काढलं. एक्स अधिक पाच लिहिलं. खडू मोडला इतका जोर दिला होता. मुलगी दहा वर्षांची आली, वडील चाळीस. पोरीनं बरोबरची खूण केली.

पेपरला केंद्र धाराशिवला आलं होतं. बीजगणिताच्या दिवशी मी आणि नात तिच्याबरोबर गेलो. बाकीची सगळी पोरं-पोरी, पाठीला दप्तरं, त्यांच्यात ही एकटी बाई साडीतली, निऱ्या वर धरून फाटकातनं आत गेली. एका पोराच्या आईला वाटलं मी पण कुणाच्या तरी पेपरला आलेय, विचारलं, तुमचा नातू का? मी म्हणलं, सून. तिनं शेंगदाण्याचे लाडू माझ्यापुढं केले. आम्ही लिंबाखाली बसलो.

पेपर सुटला. पोरं ओरडत बाहेर पडली. सून सगळ्यांच्या शेवटी आली. तोंडावरनं मला काही कळेना. नातीनं तिला जाऊन मिठी मारली. मी विचारलं, आलं होतं का?

"आलं होतं."

"बापाचंच?"

मान हलवली तिनं.

"मग?"

"दोघांचं वाढवलं, आत्या. सगळ्या पायऱ्या लिहिल्या." मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून ती हळू म्हणाली, "लिहिलं आणि वाटलं, आता ते खरंच गेले."

मी तिचा हात धरला. रस्ता ओलांडताना मी नातीचा हात धरते तसा. गाडीत ती खिडकीशी बसली.

निकाल शेजारच्या पोरीनंच मोबाइलवर बघितला. गणितात पास. फार नाहीत, पण पास. पोरगी अंगणात उड्या मारायला लागली, पेढे आणायला पळाली. मी देवापुढं साखर ठेवली. सून चुलीजवळ बसली होती. मी म्हणलं, अगं, हस की जरा. ती म्हणाली, "आत्या, इतके दिवस ती जागा त्यांची होती. रिकामी होती, पण त्यांची होती."

माझ्या मनातलंच होतं ते. रिकामी खुर्ची असली की माणूस रजेवर गेलाय असं धरता येतं. मी धरत होते.

मग कचेरीतनं बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं की मुलाच्या जागी सुनेला घ्यायचं तर आईचं म्हणणं काय ते विचारावं लागतं, तसा नियम आहे. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. भला माणूस होता. दारातनं ये-जा करणारे शिपाई मुलाच्या ओळखीचे, येता-जाता मला नमस्कार करत होते. भिंतीशी एक स्टूल होतं, तिथं कुणी बसलेलं नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही की ते कुणाचं. सून दाराजवळ उभी होती, नात तिच्या पदराआड.

साहेब म्हणाले, "आजी, सुनेला तुमच्या मुलाच्या जागेवर घ्यायला तुमची काही हरकत आहे का?"

मला बोलता येईना. साहेबांना वाटलं मला ऐकू कमी येतं, त्यांनी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं. हरकत होती हो. त्या जागेवर माझा मुलगा सोडून कुणीही बसायला माझी हरकत होती. सुनेनं बसायलाही, देवानं येऊन बसायलाही. पण दारात ती उभी होती, ओठ घट्ट मिटून, माझ्या तोंडाकडं बघत. फरशीवर बसून तिनं काय काय सोसलं ते माझ्याएवढं कुणी बघितलं नव्हतं.

मी म्हणलं, "न्हाय, साहेब."

साहेबांनी कागद पुढं केला, मी सही केली. बाहेर आलो तर सून म्हणाली, आत्या, पाय दुखले का, रिक्षा करू? मी म्हणलं, नको, चालू. स्टँडपर्यंत चालत आलो. जाताना तिनं डोक्यावरचा पदर माझ्याही डोक्यावर धरला होता, ऊन लई होतं.